पुढची दोन चाकं माझी, मागची दोन तुमची

आबा, तुमच्या जीपचे चारी टायर उतरवले. चारी म्हणजे दोन तुमचे आणि दोन माझे. तुम्हाला विचारल्याशिवाय त्या जीपचा आरसासुद्धा मी कधी हलवला नव्हता, आणि एकदा हलवला तेव्हा तो माझ्या हातात आला होता, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण या वेळी विचारायचं कुणाला? तुम्हाला जाऊन अजून महिनाही झालेला नाही. तुमच्या नावाआधी जे एक अक्षर लावतात ते अजून माझ्या हातून लिहिलं जात नाही. म्हणून मधे कुणाला न घालता हे तुम्हालाच सांगतोय.

लोक विचारतात, गेले ते तुमचे कोण? मी म्हणतो, व्याही. माझ्या जुईचे सासरे. मग लोक मान हलवतात, म्हणजे फार जवळचे नव्हेत, अशा हिशेबानं. त्यांचंही बरोबर आहे. व्याही म्हणजे लग्नात एकमेकांच्या डोक्याला टोपी घालायची आणि पुढं जन्मभर एकमेकांना ‘घ्या ना, अजून थोडं घ्या’ म्हणायचं. पहिलं वर्षभर आपणही तेच केलं. तुम्ही मला ‘पाव्हणं’ म्हणायचात. मी मुलीचा बाप, म्हणून तुमच्यासमोर खुर्चीत मागं टेकून बसायचो नाही. आणि मी तळेगावचा, कारखान्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेला माणूस, म्हणून तुम्ही माझ्यासमोर तंबाखू मळायचा नाहीत. माझी कंबर धरायची आणि तुमचा जीव तळमळायचा. असा आपला जिव्हाळा.

मग जीप मधे आली.

तुमच्या वाडीचा रस्ता मी लोकांना सांगतो तेव्हा ते हसतात. पवनानगर सोडून धरणाच्या मागच्या अंगाला गेलं की डांबर संपतं, लाल माती लागते, मग दगड लागतात, मग ओढा, मग चढ, आणि चढ संपतो तिथं तुमचं घर. पहिल्यांदा आलो तेव्हा मी जुईच्या आईला म्हटलं होतं, पोरगी चांगल्या घरात दिलीय, फक्त घर सापडलं पाहिजे.

मी आयुष्यभर कारखान्याच्या खरेदी विभागात होतो. नटबोल्टपासून क्रेनपर्यंत सगळं तीन-तीन कोटेशनं मागवून घेतलं, त्यामुळं विकत मिळणाऱ्या प्रत्येक वस्तूतलं आपल्याला कळतं असा माझा समज. जीपही त्यात आलीच. एका रविवारी तुम्ही किल्ली पुढं केलीत. “बगा चालवून, पाव्हणं.” नको म्हणणं पाहुण्याला शोभत नाही, आणि नीट चालवणं मला येत नाही. तरी ओढा निघाला, चढही निघाला. वर आल्यावर दारात विहीणबाई दिसल्या, म्हणून मी ऐटीत हात केला. त्या हातानं खरं तर स्टेअरिंग धरायचं होतं. जीप बांधावरून सरळ तुमच्या भातखाचरात उतरली आणि रोपं लावायला तयार केलेल्या चिखलात पोटापर्यंत बसली.

तुम्ही चालत आलात. ओरडला नाहीत. चहूबाजूंनी बघितलंत आणि म्हणालात, “चिखलणी ब्येस झालीये पाव्हणं. पर औत असं मदीच सोडू ने. उतरा आता.”

ट्रॅक्टर आणून जीप ओढली. त्यानंतर मावळात जिथं जिथं आपण जेवायला बसलो, तिथं तिथं तुम्ही ती गोष्ट सांगितलीत. “आमच्या पाव्हण्यांनी जीपनं चिखलणी केलीये, बैलं नगंत की काय नगं.” मी शेजारी बसून सगळ्यांबरोबर हसायचो. पण त्या दिवशी, पाय धुऊन ओसरीवर आलो तेव्हा, तुम्ही पहिल्यांदा माझ्यासमोर तंबाखूची डबी काढलीत. मी पहिल्यांदा तुमच्या खुर्चीत मागं टेकलो. विहीणबाईंनी चहा ठेवताना ते बघून घेतलं.

टायरचं प्रकरण त्यानंतरचं. जीपचे टायर पार गोटा झाले होते. खाचा शोधायला चष्मा लागावा. नवे घ्यायचे ठरलं आणि मी कामाला लागलो. पंधरा दिवस फोनमध्ये डोकं घालून टायर या विषयाचा अभ्यास केला, जुईची आई म्हणाली की एवढा अभ्यास वेळेवर केला असतात तर ऑफिसात साहेब झाला असतात. अभ्यासातून माझं मत असं झालं की जीपला रस्त्याचे टायर हवेत. बारीक खाचांचे, डांबराला चिकटून चालणारे, पावसात ब्रेक मारला की थांबणारे. कारण जीप आता नुसती भाताची पोती आणि दुधाचे कॅन वाहणार नव्हती. तुम्ही दोघं तिच्यातून तळेगावला मुला-सुनेकडं येणार होतात, विहीणबाईंना गुरुवारी शिरगावला साईबाबांच्या दर्शनाला जायचं असायचं.

तुमचं मत असं की जीपला चिखलाचे टायर हवेत. तुम्ही मूठ आवळून मला दाखवलीत. “आशा गट्ट्या पायजेत. बैलाचं खूर कसं आसतंय? रुतलं तरी माती फेकून बाहीर आलं पायजे.”

आपण दोघं तळेगावला बाळूशेठच्या टायरच्या दुकानात गेलो. आणि तिथं, आबा, आपण आपली मतं खिशातच ठेवली. मी म्हटलं, तुम्ही म्हणाल ते. तुम्ही म्हणालात, छ्या छ्या, पाव्हण्याचा शब्द. मी म्हटलं, जीप तुमची. तुम्ही म्हणालात, पर शिकल्यालं तुमी. मी म्हटलं, असं कसं, मुलाकडचे तुम्ही. बाळूशेठ एकदा माझ्याकडं बघायचा, एकदा तुमच्याकडं, मधे दुसऱ्या गिऱ्हाइकाचं पंक्चर काढून यायचा. शेवटी आपण चहा प्यायलो आणि काहीच न ठरवता जीप तिथं ठेवून उठलो.

घरी आल्यावर मला चैन पडेना. व्याह्याचं मन मोडलं तर मुलीला ऐकावं लागतं, हे डोक्यात. मी हळूच बाळूशेठला फोन केला. “आबांना हवेत तेच टाका. चिखलाचे. पण मी सांगितलं म्हणून सांगू नका.” तो “बरं बरं” म्हणाला. त्याचा आवाज जरा विचित्र आला, पण मला वाटलं तोंडात पान असेल.

तुम्ही त्याला माझ्याआधीच फोन केला होतात. “पाव्हणं म्हनत्यात ती रस्त्याची टाका. आन् माजं नाव घेऊ नगा.”

दुसऱ्या दिवशी गेलो तर जीप नव्या टायरांवर उभी. पुढं दोन गुळगुळीत नाकाचे, माझे. मागं दोन आडदांड गट्ट्यांचे, तुमचे. पुढून बघावं तर तळेगावचा कारकून, मागून बघावं तर नांगरट करून आलेला गडी.

“बाळूशेठ, हे काय?” मी विचारलं.

तो शांतपणे हात पुसत म्हणाला, “मलाबी दोन मुली आहेत, साहेब. मी कुणा व्याह्याचा शब्द खाली पडू देत नाही.”

त्याला दोन टायर काढायला सांगायचे म्हणजे आपल्यातल्या एकाचा शब्द काढायचा. आपण एकमेकांकडं बघितलं.

“छान दिसतंय,” मी म्हणालो.

“लय ब्येस,” तुम्ही म्हणालात.

आणि अशी ती जीप आपण वर्षानुवर्षं चालवली. जगात दुसऱ्या कुणी चालवली नसेल. डांबरावर मागची दोन चाकं भुंग्यासारखी गुणगुणायची. गाडीत बोलायचं म्हणजे ओरडावं लागायचं, त्यामुळं आपलं प्रेमाचं बोलणंही भांडणासारखं ऐकू यायचं. चिखलात मागची चाकं जोर लावायची आणि पुढची वळायचीच नाहीत. स्टेअरिंग इकडं, जीप तिकडं. कामशेतच्या गॅरेजवाल्यानं एकदा खाली वाकून बघितलं आणि तो दोघांवरही चिडला. म्हणाला, पुढचे-मागचे टायर वेगळ्या उंचीचे, चारी चाकं एकदम जोडलीत की गिअरबॉक्स आतल्या आत भांडतो. कुणी बसवले हे? तुम्ही म्हणालात, “पाव्हण्यांनी.” मी म्हणालो, “आबांनी.” पहिल्यांदाच आपण एकमेकांचं नाव घेतलं होतं, आणि दोघांनीही खोटं नव्हतं घेतलं.

माझी अक्कल मात्र तेवढ्यावर थांबली नाही. चिखलात टायरची हवा कमी केली की पकड वाढते, हे मी वाचलं होतं. ते खरंही आहे. फक्त पुढची ओळ वाचली नव्हती, की डांबरावर आल्यावर ती परत भरायची असते आणि त्यासाठी पंप जवळ असावा लागतो. ओढ्याकाठी मी चारी टायरची हवा फुस्सदिशी सोडली. जीप ओढ्यातून अशी निघाली की तुम्ही चक्क मान डोलावलीत. मग पवनानगरपर्यंत आपण पोट जमिनीला लागलेल्या म्हशीसारखे गेलो. डोक्यावर गवताचे भारे घेतलेल्या बायका आपल्याला मागं टाकून पुढं गेल्या. तुम्ही खिडकीतून त्यांना नमस्कार करत होतात. “नवरीची वरातबी याच्याहून पळती, पाव्हणं,” तुम्ही म्हणालात. “पर निगाली. ओढ्यातनं निगाली, ते मानाय लागंल.”

ते शेवटचं वाक्य तुम्ही बोलला नसतात तरी चाललं असतं. पण तुम्ही माझ्या प्रत्येक गाढवपणात एक बाजू माझ्यासाठी राखून ठेवायचात. मी घरी आलो की जुईच्या आईला माझ्या चुकीची गोष्ट सांगायच्या आधी ते वाक्य सांगायचो.

आपलं खरं भांडण, मान बाजूला ठेवून केलेलं, एकच. ते लोणावळ्याला सुरू झालं. विहीणबाईंचा गुडघा दाखवून आपण परतत होतो, रविवार होता, आणि रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्यांची रांग हलायला तयार नव्हती. आपल्या पुढं एक नवी कोरी जीप होती, टायरांवर पांढरी अक्षरं. तुम्ही उतरलात आणि सरळ तिच्या मागच्या चाकापाशी उकिडवे बसलात. गट्ट्यांच्या मधल्या खाचेत नख घालून बघायला लागलात. तो तरुण मुलगा काच खाली करून म्हणाला, “काका, हात नका लावू ना.”

“धुतल्यात का नवीच हायत?” तुम्ही विचारलंत.

“ऑल टेरेन आहेत काका. कुठंही जातात. डांबर, चिखल, दगड, सगळीकडं.”

तुम्ही रांगेकडं बघितलंत. “मग हितं का थांबलाय?”

तो पोरगा हसला, बिचारा. मी उतरलो आणि मीही नख घालून बघितलं. गट्ट्या होत्या, पण तुमच्याइतक्या आडदांड नव्हत्या. खाचा होत्या, पण माझ्याइतक्या बारीक नव्हत्या. बाजूची भिंत जाड, दगडानं सहज फाटू नये अशी. मी तिथंच म्हटलं, आबा, पुढच्या वेळी हेच. चारी.

परतीच्या वाटेवर, कार्ल्याच्या पुढं आल्यावर, तुम्ही मागच्या चाकांच्या वर आवाज काढून म्हणालात, “दोन घरचा पाव्हणा उपाशी ऱ्हातो, पाव्हणं.”

“म्हणजे?”

“म्हंजी ह्यो टायर. चिखलात माज्यागत न्हाई, डांबरावर तुमच्यागत न्हाई. चिकट मातीत खाचा भरल्या की झाला गोटा.”

“पण आपल्याला दोन्हीकडं जायचं असतं ना. रोज थोडं चिखलात, थोडं डांबरावर. मग दोन्हीकडं बरा चालणारा काय वाईट?”

“बरा,” तुम्ही म्हणालात. नुसतं तेवढंच. तुमच्या तोंडून तो शब्द शिवीसारखा आला होता.

त्यानंतर ते भांडण कितीदा झालं. ओसरीवर, गोठ्यात, जुईच्या घरी जेवताना. मी पावसात थांबण्याचं बोलायचो, तुम्ही चढावर सुटण्याचं. दोघंही थोडे बरोबर होतो. लोणावळ्याच्या उतारावर ओल्या रस्त्यात तुमची मागची चाकं एकदा अशी घसरली होती की आपण दोघं एकाच देवाचं नाव घेतलं, हे तुम्ही कधी कबूल केलं नाहीत. आणि ओढ्याच्या वरच्या चढावर माझ्या पुढच्या चाकांचा कधी काडीचा उपयोग झाला नाही, हे मी. टायर पुन्हा गोटा व्हायला आले तरी आपलं ठरेना. मला वाटतं, ठरू नये असंच दोघांनाही वाटत होतं. ठरलं असतं तर मग बोलायचं काय?

त्या सकाळी मी वाडीवर होतो हे बरं झालं. संतोष, तुमचा मुलगा आणि माझा जावई, कारखान्यात पाळीवर होता. तुम्हाला दम लागत होता, चेहरा मातीसारखा झाला होता. विहीणबाईंनी तुम्हाला मागच्या सीटवर आडवं केलं, डोकं मांडीवर घेतलं. किल्ली माझ्या हातात. त्या चढाची, त्या ओढ्याची मला किती भीती वाटायची हे तुम्हाला ठाऊक होतं. मी फक्त गाडी चालवली. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला हात न करता. ओढा आला, निघाला. डांबर आलं आणि मागची चाकं गुणगुणायला लागली, तेव्हा मागून तुमचा आवाज आला, अगदी बारीक.

“पाव्हणं. मागची दोन माजी, पुढची दोन तुमची. आज कोन चांगलं चाललं?”

विहीणबाई म्हणाल्या, “गप ऱ्हावा जरा.”

मी उत्तर दिलं नाही. डोळ्यांपुढचा रस्ता धूसर झाला होता आणि मला वायपर लावावेसे वाटत होते, पाऊस नसताना. हॉस्पिटलात पोचल्यावर डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. पुढचे काही दिवस नळ्या आणि मशिनं होती, तिथं टायरचं काय बोलणार. उत्तर राहून गेलं ते राहूनच गेलं. उत्तर असं होतं, आबा, की ओढ्यात तुमची चालली आणि डांबरावर माझी, आणि दोन्हींनी मिळून तुम्हाला वेळेत पोचवलं. त्याच्या पुढचं काही चाकांच्या हातात नव्हतं.

दिवसपाणी झालं, पाव्हणेरावळे पांगले, आणि तुमच्या ओसरीवर आम्ही चौघं उरलो. संतोष, जुई, विहीणबाई आणि मी. संतोषनं विषय काढला. त्याचंही चुकलं नव्हतं, हे मला तुम्हाला सांगायचंय. तो म्हणाला, “आईला हितं एकटीला ठेवून मला खाली झोप लागणार नाही. गुडघा असा. काही झालं तर हा रस्ता. तिला तळेगावला नेऊ. गाय विकू, जमीन वाट्यानं देऊ.”

“आणि जीप?” जुईनं विचारलं.

“जीप पण काढू. नाहीतर चालवणार कोण?”

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मग सगळ्यांनीच, अगदी माझ्या मुलीनंसुद्धा, नजर खाली घातली. इतक्या आदरानं आजवर कुणी माझा अपमान केला नव्हता.

विहीणबाई उठून आत गेल्या आणि भांडी घासायला लागल्या, घासलेलीच. मी बाहेर येऊन जीपच्या पायरीवर बसलो. मला कळत होतं की जीप गेली की त्या वाडीवर परत येणार नाहीत. गाडी नाही म्हणजे रस्ता नाही. तळेगावच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडकीतून समोरच्या सोसायटीची खिडकी बघत बसतील, आणि कुणी विचारलं तर म्हणतील, बरंय की. तुमच्या त्या ‘बरा’सारखं.

मी तिथंच संतोषला म्हटलं, “जीप काढू नका. टायर बदलून आणतो. चालवीन मी.”

“बाबा, तुम्ही?” जुई म्हणाली.

“तुझे सासरे मी चालवलेल्या गाडीतून हॉस्पिटलात गेले ते तुला चाललं ना?”

असं बोलायला नको होतं, पण कधी कधी मुलीच्या बापालाही आवाज असतो.

संतोष मात्र मागं हटला नाही. “बाबा, एक महिना बघू,” तो म्हणाला. “जमलं तर ठीक. नाही तर मी आईला घेऊन जाणार, आणि मग कुणी मधे पडायचं नाही.” मी मान्य केलं. त्यानं सोडलेला तेवढा धागा मला पुरेसा होता.

बाळूशेठनं जीप जॅकवर चढवली, चारी चाकं काढली. जुने टायर भिंतीला लावून ठेवले, दोन एका बाजूला, दोन दुसऱ्या. “आबा गेले ते कळलं,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “या वेळी कुणाचा शब्द?”

रस्त्याचे टाकावेत, तर त्याचा अर्थ विहीणबाई तळेगावच्या झाल्या. जीप फक्त दर्शनाला आणि दवाखान्यात जाणार. तुमचे चिखलाचे टाकावेत, तर त्या वरच्या झाल्या आणि पोराकडं यायचं म्हणजे ओल्या उतारावर घसरत येणार. मी इतकी वर्षं टायरबद्दल बोलत होतो, आणि त्यावर बसून जे माणूस जाणार त्याला कुणी विचारलंच नव्हतं. तुम्ही नाही, मी नाही. मी बाळूशेठला थांब म्हटलं आणि एसटीनं वाडीच्या फाट्याला उतरून चालत वर गेलो.

विहीणबाई बांधावर होत्या. मी धापा टाकत विचारलं, “तुम्ही राहणार कुठं ते सांगा. त्यावर टायर ठरतील.”

“म्हंजी मी टायर बगून ऱ्हायचं?”

“तसं नाही. तुमच्या मनात काय आहे?”

त्यांनी खाचराकडं बघितलं. “भात पोटऱ्यात आलंय भाऊ. गाय गाबण हाय. मला हितं ऱ्हायचंय. आन् पोरगा तितं हाय, तुमची जुई हाय. मला तितंबी ऱ्हायचंय. आठ दिस हितं, चार दिस तितं. पर आसं कोन करू देतंय? सगळी म्हनत्यात एक कायतरी ठरव.” मग जरा रागानंच, “दोनी वाटांनी चालत्याल आसं काय टायर मिळत न्हाईत व्हय?”

आबा, मी तिथं बांधावर बसलोच.

“मिळतात,” मी म्हणालो. “पण आबांना ते पसंत नव्हते. ते म्हणायचे, दोन घरचा पाव्हणा उपाशी ऱ्हातो.”

विहीणबाई हसल्या. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. “पाव्हणा ऱ्हात आसंल उपाशी. मी का पाव्हणी हाय? दोनी घरं माजीच हायत की.”

तुमच्याकडं यावर काही उत्तर असलं तर मला सांगा.

तर चारी ऑल टेरेन टाकले. तुमचं ऐकलं नाही. पण आंधळेपणानंही केलं नाही. बाळूशेठपुढं बसून मी एकेक टायर हातानं चाचपला. बाजूची भिंत जाड आहे ना, गट्ट्यांमधली खाच एवढी रुंद आहे ना की चिकट माती अडकून बसू नये, मधली नक्षी एवढी तुटक आहे ना की ओल्या डांबरावर पाणी निघून जाईल. दुकानातला सगळ्यात दणकट दिसणारा नाकारला, सगळ्यात गुळगुळीतही नाकारला. चारी एकाच जातीचे, एकाच उंचीचे. बाळूशेठनं बसवून हवा भरली आणि म्हणाला, “साहेब, आता गिअरबॉक्सला भांडायला कारण राहिलं नाही.” मी म्हटलं, “हो ना.” डांबरावर जीप जवळजवळ मुकाट्यानं चालली. मधेच मी खिडकी खाली केली, कान लावला. काही नाही. फक्त रस्ता.

ओढ्यात तुमच्या टायरइतका जोर नाही, हे कबूल करतो. चढावर एकदा मागचं चाक नुसतं फिरलं, मी घाबरलो, मग हळूच गाडी मागं घेऊन दुसऱ्या बाजूनं काढली. निघाली. वर पोचलो तेव्हा विहीणबाई दारात उभ्या होत्या, नवीकोरी पिशवी भरून. चार दिवसांसाठी खाली यायचं होतं. हातात ताम्हन, त्यात हळदीकुंकू आणि नारळ.

“नव्या चाकांची पूजा केल्याबिगर जायचं न्हाई,” त्या म्हणाल्या. आणि ताम्हन माझ्या हातात दिलं. “तुमी करा. मी आता कशी करू?”

मी ताम्हन परत त्यांच्या हातात दिलं. “आबांची गाडी आहे. घरातलं माणूस असताना पाव्हण्यानं पूजा करायची?”

मान राखायचाच असेल तर असा राखावा, आबा. उशिरा का होईना, शिकलो.

शेजारची म्हातारी कुंपणापाशी येऊन बघत होती, तिच्याकडं त्यांनी एकदा बघितलं. मग गुडघा धरून खाली वाकल्या. पुढच्या दोन चाकांना लावलं, मागच्या दोन चाकांना लावलं. प्रत्येक चाकापाशी काहीतरी पुटपुटल्या, ते मला ऐकू आलं नाही, आणि ते माझ्यासाठी नव्हतंही. नारळ मात्र माझ्याकडून फोडून घेतला, कारण तो पहिल्या फटक्यात फुटत नाही याची त्यांना खात्री होती. नाहीच फुटला.

शेवटी त्यांच्या बोटाला कुंकू उरलं. पुसायला त्यांनी दुसरा हात पदराकडं नेला आणि तसाच थांबवला. मग एक पाऊल पुढं येऊन त्यांनी ते बोट माझ्या कपाळाला टेकवलं.

“डायवरलाबी लावत्यात,” त्या म्हणाल्या. पिशवी उचलली, पुढच्या सीटवर चढून बसल्या आणि दार ओढून घेतलं. “चला भाऊ. जुई जेवायची थांबली आसंल.”